पहिला ठसा कणकेत

मंगळवारी सकाळी हे गेले. चहा झाला होता. मी कॉलेजला निघाले होते. चपला घालताना पडवीत तांब्या पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तेव्हा हे बाकावर बसलेले होते आणि मान खिडकीकडे कलली होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझी गाडी गेली." मी म्हटलं, "हो."

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मीही कधी घेतलं नाही आणि आता लिहितानाही घेणार नाही. 'हे' म्हटलं की मला त्यांचा चेहरा दिसतो.

हे डाय करत. वाणगावहून चिंचणीकडे जाताना जी गावं लागतात तिथे बऱ्याच घरांत हा धंदा चालतो, पण आमच्या भागाबाहेर कोणाला सांगितलं तर कळत नाही. सोनाराकडे पोलादाचा ठोकळा असतो. त्यात दागिन्याचं पान, फूल, मोर, जे काय असेल ते खोल कोरलेलं असतं. सोन्याचा पातळ पत्रा त्यावर ठेवून ठोकला की पत्रा त्या खोलीत उतरतो, आणि काढून घेतला की पान तयार. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. व्यापारी दागिन्यांची चित्रं आणून देत आणि हे पडवीतल्या खिडकीपाशी बसून, उजव्या डोळ्याला भिंग लावून, छिन्नीनं आणि हातोडीनं ती चित्रं पोलादात उतरवत. चित्रात जे उंच ते पोलादात खोल. चित्रात डावीकडे वळलेली मोराची मान पोलादात उजवीकडे. शाळा सुटल्यापासून ह्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू हातात आली की तिची डाय ह्यांच्या डोळ्यांपुढे उभी राही. बिस्किट खाताना त्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवीत आणि म्हणत, "ह्याची डाय कोरणाऱ्यानं घाई केलीय." साबणाची नवी वडी आली की आधी ती उन्हात तिरकी धरून बघत, मग आंघोळीला जात.

सासूबाई म्हणायच्या, "याला सगळं उलटं दिसतं. म्हणून तर मास्तरीण पसंत केली."

मी पालघरची. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना हे स्थळ आलं. मुलगा दहावी. घरात कोणाला पसंत नव्हतं. ओळखीच्या माणसानं आणलं म्हणून नुसतं बघायला बोलावलं होतं. मी पोह्यांची बशी पुढे केली तर मुलगा माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघत राहिला. माझे मामा खाकरले. मुलगा म्हणाला, "कानातलं फूल जरा काढून दाखवता का?"

खोलीत हशा पिकला. मामा म्हणाले, "सोनं तपासून घेताय का काय?"

"नाय हो. फूल माझ्या डायचं हाय. खालची एक पाकळी आखूड हाय बघा. तिथं माझी छिन्नी घसरलेली."

मी फूल काढून तळहातावर घेतलं. पालघरच्या सोनाराकडून आईनं घेतलेली ती फुलं मी चार वर्षं घालत होते आणि पाकळी आखूड आहे हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री वडिलांना मी हो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तुझं शिक्षण?" मी म्हटलं, "ते कुठे जातंय?"

लग्नानंतर मी पालघरच्या कॉलेजात शिकवायला लागले. सकाळच्या शटलनं जाणं, संध्याकाळी परत. वाणगावला उतरून एसटी, नाहीतर हे सायकल घेऊन आलेले असत. गावात आमच्याबद्दल थोडं बोलणं व्हायचं. विहिरीवर एकीनं विचारलंही होतं, "बाई, घरी इंग्रजीतून बोलता का?" सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं, "नाय बाय, घरी दोघं बोलतच नाय. एक वाचतं, एक ठोकतं." ते बरंचसं खरं होतं. आम्हाला मूल झालं नाही; त्याबद्दल इथे लिहायचं नाही. संध्याकाळी बोईसरच्या कारखान्यांचा वास वाऱ्यावर आला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि मग हे पडवीत, मी आतल्या खोलीत, मधे उघडं दार. हातोडीचा आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबला की माझं वाचन थांबायचं.

या घरात एक पद्धत होती. ती सासऱ्यांच्या वेळेपासूनची, आणि मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही. नवी डाय कोरून झाली, पोलादाला पाणी देऊन झालं, म्हणजे तापवून तेलात बुडवून ते कडक करून झालं, की पहिला ठसा कणकेत घ्यायचा. सोनं नंतर, चांदी नंतर. घट्ट कणकेचा गोळा डायवर दाबायचा, उचलायचा, दिव्यापाशी नेऊन नीट बघायचा. मग त्याची चानकी, म्हणजे छोटी जाड पोळी, तव्यावर भाजायची आणि घरातल्या बायकांनी ती खायची. भाजताना नक्षी फुगून पुसट व्हायची, पण खायच्या आधी ओळखू यायची. सासूबाई म्हणत, "गावात कोणी घातले नसतील एवढे दागिने मी खाल्लेत." मीही पुष्कळ खाल्ले. मंगळसूत्राची वाटी, कोयरी, बकुळीचं फूल. गरम असताना तूप लावून.

नव्वदीच्या दशकात कॉलेजानं मला पीएच.डी.साठी रजा दिली. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एका मॅडमच्या हाताखाली काम मिळालं. आठवडाभर मावशीकडे राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. तेव्हा मी चाळिशीच्या आसपास होते आणि प्रयोगशाळेतली मुलं मला 'काकू' म्हणायची.

मॅडमचा विषय असा होता. आपल्या रक्तात असंख्य तऱ्हेची प्रथिनं फिरत असतात. त्या गर्दीतही एखादं प्रथिन नेमकं आपल्या जोडीच्या प्रथिनालाच जाऊन लागतं. दोघांचे आकार एकमेकांत बसतात आणि जिथे ते टेकतात तिथे बारीक बारीक ओढी असतात. एकेक ओढ दुबळी, पण पुष्कळ मिळून पकड बसते. आणि वेळ आली की सुटतेही. माणसानं केलेल्या वस्तूला हे साधत नाही. कृत्रिम झडप घ्या, नळी घ्या, शरीरात ठेवल्याबरोबर तिच्यावर हाताला लागतील ती सगळी प्रथिनं सरमिसळ चिकटतात. मग शरीर तिला ओळखत नाही, परकी म्हणून भोवती भिंत घालून टाकतं. मॅडमना असा पृष्ठभाग करायचा होता जो एकाच प्रथिनाला ओळखेल, निसर्गात ओळखतात तसा. परदेशात कुठे कुठे हे काम नुकतं सुरू झालं होतं.

एका रविवारी तांदूळ निवडताना हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, "म्हंजे नवी सून. पहिल्या दिवशी सगळं गाव येऊन चिकटतं. आपलं कोण ते मागाहून कळतं."

हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मग तू डायच करतेस की."

"तशीच. पण फार बारीक."

"किती? रव्याएवढी?" दागिन्यांवर जे कणाकणांचं काम असतं त्याला रवा म्हणतात, ह्यांच्या हाताला त्याहून बारीक काही माहीत नव्हतं.

"रव्याच्या एका कणावर लाखो मावतील."

"भिंगातून दिसत नाय?"

"कुठल्याच भिंगातून नाही. सुईसारखं एक टोक त्याच्यावरून फिरवतात. ते कुठे खाली गेलं, कुठे वर आलं, त्यावरून चित्र काढतात."

"आंधळा हात फिरवतो तसं," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि कोरतं कोण?"

"कोणी कोरत नाही."

हे उत्तर ह्यांना आवडलं नाही. दिवसभर दोनतीनदा आत येऊन म्हणाले, "कोणी कोरत नाय म्हंजे काय?" शेवटी मी एक ताटली घेतली. अंगणातल्या झाडाचे चिकू संपवून सासूबाईंनी बिया बाजूला ठेवल्या होत्या, काळ्या, चकचकीत. त्या ताटलीवर पसरल्या. म्हटलं, ही ताटली म्हणजे अभ्रकाचा पापुद्रा, आणि ह्या बिया म्हणजे प्रथिनं. आम्ही अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन घेतो. मग बियांवर साखरेचा घट्ट पाक ओतला आणि सुकू दिला. मग मेणबत्त्या वितळवून पाकावर मेण ओतलं. प्रयोगशाळेत मेणाऐवजी प्लॅस्टिकचा अगदी पातळ थर असतो, हवा काढून घेतलेल्या भांड्यात तो वाफेतून बसवतात. मेण थिजल्यावर ताटली सोडवली आणि सगळं उलटं केलं. बिया वर आल्या. सुईनं एकेक काढली. मेणात बियांचे खड्डे राहिले आणि प्रत्येक खड्ड्याला आतून साखरेचं अस्तर.

ह्यांनी भिंग लावलं. खूप वेळ बघितलं.

"ढाळ नाय याला. बी निघाली कशी?" डायच्या भिंती किंचित बाहेर कललेल्या ठेवाव्या लागतात, नाहीतर पत्रा आत अडकतो. त्याला ढाळ म्हणायचं.

"मेण मऊ आहे म्हणून निघाली."

"आणि तुझ्या तिथं?"

"तिथे प्रथिन विरघळवून धुऊन टाकतो."

ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "म्हंजे ज्याचा ठसा घेतला तेच मोडायचं?"

"हो."

"मग ही खोली कोणासाठी?"

"तशाच दुसऱ्यासाठी. ते आलं की बसतं."

ह्यांनी मान हलवली, पण पटलं होतं असं वाटलं नाही. ह्यांच्या मते खरा उपाय एकच होता. "खोल घे. जेवढं खोल घेशील तेवढं धरेल." मी सांगितलं की मापानं तेवढंच असलेलं परकं प्रथिनही त्या खड्ड्यात येऊन पडतं, नुसता आकार पुरत नाही, आतली साखर धरते. साखरेला बारीक हात असतात म्हणा ना, आणि ज्या प्रथिनाभोवती ती सुकली त्याला सोयीचे होतील असेच ते हात वळून राहतात. ह्यांनी मेणातल्या एका खड्ड्यात करंगळी घातली आणि चाटली.

"गोड हाय. म्हणून धरतं."

"ए, बी गिळशील!" सासूबाई आतून ओरडल्या. मुलगा पन्नाशीला आला तरी त्या असंच ओरडत.

प्रयोग पहिली दोन वर्षं फसले. प्लॅस्टिकचा थर कधी अभ्रकाला धरून बसे, कधी साखर धुऊन जाई. शनिवारी घरी आले की ह्यांचा एकच प्रश्न, "सुटलं?" आणि मी नाही म्हटलं की हे म्हणत, "सुटेल. पहिला मोर मी सतराव्यांदा कोरलेला." हा आकडा दर वेळी बदलायचा. एका पावसाळ्याच्या शेवटी पृष्ठभाग नीट निघाला, खड्डे दिसले, आणि दोन प्रथिनं मिसळून त्यावर सोडली तेव्हा धुतल्यानंतर आमचं प्रथिन दुसऱ्यापेक्षा जास्त राहिलं. मी मुंबईहून फोन लावला आणि गावात ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्याकडे ह्यांना बोलावून घेतलं.

"धरलं," मी म्हटलं.

"त्याच एकाला?"

"दुसऱ्यालाही थोडं. पण ह्याला जास्त."

"किती जास्त?"

"फार नाही."

"असू दे की. तू तर फोनवर रडतेस."

त्याच पावसाळ्यात ह्यांच्या उजव्या डोळ्यात डाग दिसू लागला. बघावं तिथे मधोमध डाग आणि कडेनं सगळं स्वच्छ. बोईसरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा मधून झिजतोय, काही महिन्यांत मधली नजर जाईल, यावर इलाज नाही. डावा डोळा लहानपणी लोखंडाचा कण जाऊन अंधुक झालेला होता. भिंग नेहमी उजव्यालाच. येताना गाडीत हे खिडकीतून बाहेर बघत होते. पालघर गेल्यावर म्हणाले, "कडेनं दिसतंय तोवर काम होईल. मान वाकडी करायची."

व्यापाऱ्यांची चित्रं ह्यांनी परत पाठवली.  मग एका रविवारी माझ्यापाशी येऊन बसले. "तुझी परीक्षा कशी असते?"

प्रबंध दिल्यावर बाहेरचे प्राध्यापक येतात, प्रश्न विचारतात, आपण भिंतीवर चित्रं दाखवून समजावतो, असं मी सांगितलं.

"तुझं काम डोळ्याला दिसतच नाय. भिंतीवर काय दाखवणार? हातात द्यायला पायजे. तुझा तो खड्डा मला मोठा काढून दे. पोलादात कोरून देतो. त्यांना सांग, बोट घाला."

"डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

"ताण दिला तरी जाणार, नाय दिला तरी जाणार. हे तूच वाचून सांगितलंस."

मी काढून दिलं. तळहाताएवढा पृष्ठभाग, मधे आमच्या प्रथिनाचा खड्डा, काजूगरासारखा पण मधे आवळलेला. खड्ड्याच्या भिंतींवर साखर दाखवायला बारीक ठिपके. ते बघून हे खूश झाले. "रवा हाय! रव्याशिवाय मजा नाय." मी समजावून सांगितलं: हा भाग खोल, हे ठिपके उठावाचे. हे "हां, हां" म्हणाले.

बोईसरहून पोलादाचा ठोकळा आला आणि काम सुरू झालं. मी सोमवारी जाई, शनिवारी येई, आणि ठोकळ्यावर कापड टाकलेलं असे. "पुरं झाल्यावर." रविवारी मी आतल्या खोलीत प्रबंध लिहीत बसे आणि पडवीतला आवाज ऐके. हातोडी पूर्वीसारखी पडत नव्हती. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग एक ठोका. मधल्या वेळात हे मान वाकडी करून डागाच्या कडेनं जागा शोधत असणार. दर आठवड्याला डाग मोठा होत होता. डोळा आधी जाईल की काम आधी पुरं होईल, एवढंच त्या दिवसांत आमच्या घरात चाललं होतं. सासूबाई देवापुढे बसल्या की मोठ्यानं म्हणत, "एवढी होऊ दे रे त्याची." डोळा राहू दे, असं त्या म्हणत नव्हत्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कापड निघालं. पाणी देऊन झालं होतं, पोलाद निळसर काळं दिसत होतं. ह्यांनी ते माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. जड होतं.

सपाट पोलादाच्या मधोमध एक उंचवटा होता. काजूगरासारखा, मधे आवळलेला. त्याच्या अंगावर शेकडो टिंबं खोल टोचलेली.

"बरोबर हाय ना?"

मी ठोकळा खिडकीकडे वळवून परत पाहिला. हे माझ्या चेहऱ्याच्या कडेला कुठेतरी बघत होते. सरळ बघितलं तर मी दिसत नव्हते.

"काय झालं? सांग."

"अहो, हे वर आलंय. खोल हवं होतं."

ह्यांनी हात पुढे केला. अंगठा उंचवट्यावरून फिरवला, परत फिरवला. "चित्रात खोल होतं?"

"हो."

"तू सांगितलेलंस?"

"सांगितलेलं," सासूबाई म्हणाल्या. "मी ऐकलंय."

हे बाकावर बसले. ह्यांच्याकडे आजवर जे चित्र आलं ते दागिन्याचं होतं. चित्र म्हणजे पोलादातून पुढे जे निघायचं ते. पोलाद त्याच्या उलट. माझं चित्र पोलादाचंच होतं हे ऐकलं होतं, पण कोरायला बसल्यावर हातानं नेहमीचंच केलं. जिथे खोल दाखवलं होतं ते ठेवलं आणि सभोवारचं सगळं पोलाद थोडं थोडं करून काढून टाकलं. खड्डा कोरायला लागलं असतं त्याच्या कितीतरी पट काम, आणि डोळ्यात डाग घेऊन.

"डोक्याला कळलेलं," हे म्हणाले. "हाताला नाय."

मी म्हटलं, काही बिघडत नाही, हे प्रथिन आहे असं सांगता येईल. हे म्हणाले, "मला कॉलेजातल्या पोरासारखं समजवू नको."  दुसरी कोरायला डोळा उरला नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. डाय बाकावरच राहिली, कापडाखाली.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी सासूबाईंनी परातीत कणीक भिजवली. घट्ट, ठशाची असते तशी.

"ही कशाला?" ह्यांनी विचारलं.

"नवी डाय झालीय ना?"

"चुकलीय ती, आई."

"चुकली तरी नवीच हाय. पहिला ठसा घ्यायला पायजे. उठ."

हे उठेनात. तेव्हा त्यांनी डाय स्वतः आणून पाटावर ठेवली, बोटानं तेल लावलं आणि कणकेचा गोळा ह्यांच्या मांडीवर ठेवला. "उठ" परत म्हटलं नाही. थोड्या वेळानं हे खाली बसले. गोळा डायवर ठेवून तळहाताच्या टाचेनं दाबला, सगळ्या बाजूंनी, नेहमीसारखा. मग कडेनं हलके हलके सोडवून उचलला आणि माझ्याकडे दिला. पूर्वी हे स्वतः दिव्यापाशी नेत.

कणकेत खड्डा होता. काजूगरासारखा, मधे आवळलेला. त्याच्या भिंतींवर सगळीकडे रवा उठला होता, कणाकणानं, एकही कण दुसऱ्यात मिसळलेला नव्हता. मी काढून दिलेलं चित्र जसंच्या तसं, डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे.

मी ह्यांचं बोट धरून खड्ड्यात ठेवलं.

"खोल हाय," हे म्हणाले.

"हो."

"रवा लागतोय."

"ती साखर."

ह्यांचं बोट भिंतीवरून सावकाश फिरत राहिलं. मी सांगितलं की आम्हीही पृष्ठभाग कोरत नाही. आधी प्रथिन ठेवतो, त्याच्यावरून खड्डा घेतो. तुम्ही प्रथिन केलंय आणि हा त्याचा खड्डा. मुद्दाम सांगितलं असतं तरी याहून बरोबर झालं नसतं.

"खोटं बोलतेस."

"नाही हो. चिकूच्या बिया आठवा."

हे आठवत बसले. मग त्यांनी कणकेतलं बोट काढलं, पाटावरच्या डायवर ठेवलं, परत कणकेत घातलं. एकदा तिथे, एकदा इथे, असं बरेचदा. चेहरा सैल झाला.

"फक्त," हे म्हणाले, "इथं मोडत काय नाय. पायजे तेवढे ठसे काढ."

"ए, कणीक सुकते," सासूबाई म्हणाल्या. तवा तापला होता. ती चानकी बायकांनी खायची, पण त्या दिवशी ह्यांनीही तुकडा मागितला. सासूबाईंनी दिला. तूप जास्त घातलं होतं.

प्रबंध देऊन मी परत कॉलेजात शिकवायला जाऊ लागले आणि माघात तो मंगळवार आला.

परीक्षा मे महिन्यात झाली. पिशवीत डाय घेतली होती आणि डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली कणीक. बाहेरून आलेल्या प्राध्यापकांना आलेखांबद्दल विचारायचं होतं: दुसरं प्रथिन इतकं का चिकटलं, हाच प्रयोग परत केला तर तेच येतं का, साखर किती दिवस टिकते. प्रश्न चांगले होते. मी उत्तरं दिली. एकदोन ठिकाणी माहीत नाही म्हणाले. त्यांना दुपारची गाडी होती, वेळ संपला, आणि पिशवी उघडायची राहिली. त्यांनी हात जोडून अभिनंदन केलं आणि ते गेले.

मग खोलीत मॅडम आणि मी दोघीच. मी पिशवी उघडली. मॅडमनी ठोकळा पाहिला आणि टेबलावरचे आलेख बाजूला केले. मी टेबलावर कागद पसरून ठसा घेतला आणि त्यांच्यापुढे केला. म्हटलं, "बोट घाला." त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बोट घातलं. बराच वेळ ठेवलं. ह्यांच्याबद्दल त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "साखरसुद्धा केलीय." मी हो म्हटलं.

ठसा डब्यात ठेवून घरी आणला. वाणगावला उतरेपर्यंत कडा सुकून तडकल्या होत्या. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. पास झालीस का, असं विचारलं नाही. माझ्या हातातला डबा घेऊन उघडला.

"दाखवलास?"

"त्यांना वेळ नव्हता. मॅडमना दाखवला."

"काय म्हणाल्या?"

"साखरसुद्धा केलीय, म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. "टाकू नको. कणीक हाय ती." आत जाऊन त्यांनी तवा ठेवला, पाण्याचा हात लावून चानकी मऊ केली आणि भाजली. आम्ही दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. थोडी कच्ची राहिली होती.

पुढे सासूबाईही गेल्या. प्रयोगशाळेतला पृष्ठभाग मॅडम निवृत्त होईपर्यंत एका डबीत होता. पातळ थर चिकटवलेला काचेचा तुकडा, बघायला काहीच नाही. नंतर त्याचं काय झालं मला माहीत नाही. कानातली फुलं मी अजून घालते. डाय माझ्या टेबलावर आहे. समुद्र जवळ असल्यामुळे इथे पोलाद लवकर गंजतं, म्हणून मी तिला तेल लावून ठेवते.